तुइना : चिनी हस्तोपचाराची मुळाक्षरे

चिनी वैद्यकाचे नाव निघाले की आपल्याकडे प्रथम आठवतात त्या बारीक सुया. त्यामागे इतिहासही आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसूही होते. डॉ. कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच निवर्तले. डॉ. बसूंनी पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून घेतले आणि भारतात परतल्यावर त्याचा प्रसार केला. सुया अशा प्रकारे आपल्या परिचयाच्या झाल्या. मात्र चिनी रुग्णालयांत सुयांच्या जोडीनेच चालणारी, केवळ हातांनी करावयाची उपचारपद्धती त्या मानाने अपरिचित राहिली. तिचे नाव तुइना.

अलीकडे या पद्धतीविषयी कुतूहल वाढते आहे. मान-पाठीच्या दुखण्यांनी त्रस्त झालेली मंडळी तिच्याकडे वळतात, तसेच ती शिकू इच्छिणारेही भेटतात. शिकणाऱ्यांची पहिली मागणी बहुधा ठरलेली असते : कोणत्या दुखण्यावर कोणता बिंदू दाबायचा, त्याचा तक्ता हवा. प्रत्यक्षात चिनी शिक्षणक्रमात हा तक्ता विद्यार्थ्याच्या बरोबर चालत असला, तरी उपचारकाचे मोल ठरते ते त्याच्या हाताच्या तयारीवर. आणि त्याच्याही अगोदर एक प्रश्न येतो : समोरच्या शरीराला हात लावावा की लावू नये? तुइनाची मुळाक्षरे समजून घ्यायची, तर या दोन गोष्टींपासून सुरुवात करणे इष्ट ठरेल.

नाव आणि परंपरा

चिनी भाषेत ‘तुइ’ म्हणजे ढकलणे आणि ‘ना’ म्हणजे पकडून उचलणे. दोन हस्तक्रियांच्या जोडनावावरून संपूर्ण शास्त्राला नाव मिळाले. याहून जुना शब्द ‘आनमो’ होय. त्यात ‘आन’ म्हणजे दाबणे आणि ‘मो’ म्हणजे गोलाकार चोळणे. आजही सर्वसामान्य मालिशीला चीनमध्ये आनमो म्हणतात, तर वैद्यकीय उपचाराला तुइना.

या पद्धतीचे उल्लेख अतिशय प्राचीन आहेत. हूनान प्रांतातील चांगशा शहराजवळ मावांगत्वे येथे १९७३ साली एका कबरीतून रेशमी वस्त्रावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ सापडले. ही कबर इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केली गेली होती. त्या ग्रंथांतील बावन्न व्याधींवरील उपचारसंग्रहात चोळण्या-दाबण्याचे उपाय आढळतात. चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ मानल्या जाणाऱ्या ‘हुआंगदी नेइचिंग’मध्येही औषधे, सुया व दाहकर्म यांच्या बरोबरीने आनमोला स्थान आहे.

थांग राजवटीत (इ.स. ६१८ ते ९०७) या विद्येला राजाश्रय लाभला. राजवैद्यकीय संस्थेत आनमोचा स्वतंत्र विभाग होता. त्यात एक प्राध्यापक, त्याच्या हाताखाली उपचारक आणि विद्यार्थी अशी रीतसर रचना होती. व्यायाम व श्वसनाच्या क्रिया शिकविणे, तसेच मोडलेली वा निखळलेली हाडे बसविणे हीही या विभागाचीच कामे होती. आपल्याकडील हाडवैद्याशी तुइनाचे नाते लागते ते या दुव्यावर. याच काळातील थोर वैद्य सुन स्मियाव यांच्या ग्रंथात अठरा क्रियांचा एक संच ‘थ्येनचू’ देशाचा, म्हणजे भारताचा, आणि ब्राह्मणांची पद्धत म्हणून नोंदविलेला आहे. या क्रिया बहुतांशी स्वत:च स्वत:च्या शरीरावर करावयाच्या आहेत.

पुढे चक्र फिरले. मिंग राजवटीत १५७१ साली राजवैद्यकीय विभागांची फेररचना झाली आणि आनमोचा विभाग वगळण्यात आला. राजदरबारातून बाहेर पडलेली ही विद्या लोकांमध्ये मात्र टिकून राहिली. लहान मुलांवरील उपचारांत तर तिला नवे रूप मिळाले आणि ‘तुइना’ हा शब्द याच काळातील ग्रंथांतून रूढ झाला. १७४२ साली छिंग दरबाराच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘ईत्सोंग चिनच्येन’ या बृहद्ग्रंथात अस्थिचिकित्सेच्या आठ हस्तक्रिया सांगितल्या आहेत; दाबणे, चोळणे, ढकलणे आणि पकडणे या त्यांपैकी चार होत.

विसाव्या शतकात पारंपरिक वैद्यकावरच बंदीची तलवार लटकू लागली. १९२९ मध्ये तत्कालीन सरकारपुढे तसा प्रस्ताव आला आणि देशभरातील वैद्यांच्या विरोधामुळे बारगळला. नव्या राजवटीत धोरण बदलले. १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंगदू येथे पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालये स्थापन झाली. त्याच वर्षी शांघायमध्ये तुइनाचे पद्धतशीर प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. तोवर घराण्याघराण्यांत गुरूकडून शिष्याकडे जाणारी विद्या प्रथमच फळ्यावर आणि पाठ्यपुस्तकात आली. आज चिनी विद्यापीठांत सुया, दाहकर्म व तुइना यांचा एकत्रित पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो.

शरीराकडे पाहण्याची दृष्टी

पारंपरिक चिनी विचारानुसार शरीरात ‘छी’ नावाचे चैतन्य ठराविक मार्गांनी वाहते. हे मार्ग म्हणजे ‘चिंगलुओ’. आपल्याकडील पुस्तकांत त्यांना मेरिडियन म्हटलेले आढळते. मुख्य वाहिन्या बारा, तसेच शरीराच्या पुढच्या आणि मागच्या मध्यरेषेवरून जाणाऱ्या दोन, अशा एकूण चौदा वाहिन्यांवर ३६१ बिंदू मानलेले आहेत. प्रवाह अडला की वेदना होते आणि तो मोकळा झाला की वेदना शमते, असे या शास्त्राचे प्रमुख सूत्र आहे.

आधुनिक शरीररचनाशास्त्राला या वाहिन्या सापडलेल्या नाहीत, हे शिकणाऱ्याने प्रथमच जाणून असावे. तरीही बिंदूंचा नकाशा निरुपयोगी ठरत नाही. शतकानुशतके रुग्णांची शरीरे चाचपून वैद्यांनी कोठे दुखते, कोठे गाठ लागते आणि कोठे दाबल्यास बरे वाटते याची जी नोंद केली, ती या नकाशात उतरली आहे. त्याचा वापर भाषेसारखा करावा. चिनी ग्रंथ वाचण्यासाठी आणि शिक्षकाचे म्हणणे समजण्यासाठी ही भाषा येणे आवश्यक आहे.

बिंदू शोधण्याचे माप ‘त्सुन’ हे होय. ते सेंटिमीटरसारखे ठरीव नसून ज्याच्या शरीरावर उपचार करावयाचा त्याच्याच बोटांनी मोजले जाते. रुग्णाच्या अंगठ्याच्या सांध्यापाशी असलेली रुंदी म्हणजे एक त्सुन; अंगठा वगळून चार बोटे जुळवली की त्यांची रुंदी तीन त्सुन. उंच माणसाचे त्सुन मोठे आणि लहान मुलाचे लहान. आपल्याकडे अंगुळे आणि वीत यांनी मोजण्याची रीत होती, तिच्याशी हे माप मिळतेजुळते आहे.

प्रारंभी तीनशे एकसष्ट बिंदू पाठ करण्याची गरज नाही. पुढील पाच-सहा बिंदू अचूक सापडू लागले, तरी पहिला टप्पा पार पडला असे समजावे.

‘हेगू’ हा बिंदू अंगठा आणि तर्जनी यांच्या हाडांमध्ये हाताच्या मागील बाजूस असतो. चेहरा, दात व डोके यांच्या दुखण्यात त्याचा उपयोग सांगितला आहे. ‘नेइग्वान’ हा मनगटाच्या आतील घडीपासून दोन त्सुन वर, दोन ठळक स्नायुबंधांच्या मध्ये असतो. मळमळीवर तो दाबतात. ‘त्सुसानली’ गुडघ्याच्या वाटीखालील बाहेरच्या खळगीपासून तीन त्सुन खाली, नडगीच्या हाडाच्या बाहेरील बाजूस लागतो. पोटाच्या तक्रारींसाठी तो प्रसिद्ध आहे. ‘वेइचोंग’ गुडघ्यामागील घडीच्या मध्यभागी असून कमरेच्या दुखण्याशी जोडलेला आहे. ‘फेंगछी’ ही कवटीच्या तळाशी, मानेच्या दोन्ही बाजूंस असलेली खळगी होय. ‘च्येनचिंग’ मानेचा तळ आणि खांद्याचे टोक यांच्या मध्यावर, खांद्याच्या माथ्यावर असतो.

तांदळाची पिशवी

चिनी तुइना विद्यालयात नवख्या विद्यार्थ्याला माणूस मिळत नाही. त्याला मिळते एक कापडी पिशवी. साधारण २५ सेंटिमीटर लांब, १६ सेंटिमीटर रुंद अशी ही पिशवी तांदूळ किंवा स्वच्छ वाळूने भरलेली असते. ती टेबलावर ठेवून विद्यार्थी रोज एकच क्रिया घोटत राहतो, तीही उजव्या व डाव्या अशा दोन्ही हातांनी. सुरुवातीला पिशवीचे तोंड घट्ट आवळलेले असते. हात बसू लागला की ते हळूहळू सैल करतात. पिशवी मऊ झाली की तिच्यावर क्रिया नेमकी करणे अधिक अवघड होते. त्यानंतर कोठे सहाध्यायाच्या पाठीवर हात ठेवण्याची परवानगी मिळते.

या साधनेची कसोटी पाच शब्दांत सांगितली जाते. क्रिया दीर्घकाळ टिकणारी असावी, तिच्यात बळ असावे, ती एकसारखी असावी, मृदू असावी आणि या चारही गुणांच्या योगाने ती खोलवर पोहोचावी. यातील शेवटचा गुण पहिल्या चारांचे फळ होय. नवशिक्या नेमका येथेच चुकतो. खोल पोहोचायचे म्हणून तो जोर लावतो. जोर लावला की रुग्णाचे स्नायू बचावासाठी आकसतात आणि वरच्या थराखाली काहीच पोहोचत नाही. मृदू व लयबद्ध हालचाल बराच वेळ चालू राहिली, की स्नायू आपण होऊन सैल पडतो आणि मग थोडाही दाब खोलवर जातो.

पिशवीच्या जोडीला विद्यार्थ्याला स्वत:च्या शरीराचीही मेहनत करावी लागते. ‘ईचिनचिंग’ आणि शाओलिन परंपरेतील व्यायाम त्यासाठी शिकवितात. पाय रोवून उभे राहणे, श्वास न रोखणे, खांदे न उचलणे या सवयी त्यातून लागतात. जोर हाताचा नसून पायांपासून वर येणारा असावा, हे त्यामागील तत्त्व आहे. हे न शिकता काम सुरू करणाऱ्या उपचारकांचे अंगठे, मनगटे आणि कंबर काही वर्षांतच कुरकुरू लागतात.

मूलभूत हस्तक्रिया

पाठ्यपुस्तके तुइनाच्या क्रियांची सहा गटांत विभागणी करतात.

पहिला गट झुलत्या क्रियांचा. तुइनाचे खरे वैशिष्ट्य येथे दिसते. यांतील ‘ई-ची-छान’ या क्रियेत अंगठ्याचे टोक एका बिंदूवर टेकवून मनगट डावी-उजवीकडे झुलवले जाते. खांदा सैल, कोपर खाली, मनगट लोंबते, मूठ पोकळ आणि फक्त अंगठा भरीव, अशी तिची ठेवण सांगतात. मिनिटाला १२० ते १६० झोके द्यावयाचे. झोके जलद, परंतु बिंदूवरून पुढे सरकणे अतिशय सावकाश. दुसरी क्रिया ‘गुन’, म्हणजे लोळविणे. करंगळीच्या बाजूने हाताची पाठ रुग्णाच्या शरीरावर ठेवून मनगट दुमडत-उलगडत ती पुढे-मागे लोळवतात. ही क्रिया शांघायचे तिंग चीफेंग यांनी १९४०च्या दशकात विकसित केली. त्यांच्या घराण्यात ई-ची-छानची परंपरा होती. मात्र अंगठ्याचे टोक फार लहान जागा व्यापते. पाठ, कंबर, मांडी अशा मोठ्या स्नायूंसाठी अधिक रुंद आणि तरीही मृदू स्पर्श हवा, या गरजेतून त्यांनी हाताची पाठ वापरली. तिसरी क्रिया ‘रोउ’, म्हणजे मळणे. यात तळवा किंवा बोट त्वचेवरून घसरत नाही; त्वचेसह खालचा थर गोलाकार फिरतो. कणीक मळताना हाताखालचा गोळा जसा फिरतो तसाच.

दुसरा गट घर्षणाचा. तळवा पोटावर हलकेच गोल फिरविणे, सरळ रेषेत ढकलणे आणि ऊब येईपर्यंत वेगाने घासणे या क्रिया त्यात येतात. घासताना त्वचा सोलवटू नये म्हणून थोडे तेल वा मलम वापरतात. एरवी तुइनात तेलाचे काम फारसे नसते. रुग्णाच्या अंगावर पातळ सुती कपडा किंवा चादर असते आणि तिच्यावरूनच उपचार होतो. आपल्याकडील अभ्यंग किंवा बाळंतिणीच्या मालिशीहून वेगळेपण दिसते ते प्रथम येथेच.

तिसरा गट कंपनाचा. तळवा किंवा बोट टेकवून बाहूच्या स्नायूंतून सूक्ष्म थरथर निर्माण करणे हे यांतील सर्वांत कठीण काम होय. रुग्णाचा हात धरून तो सैलसर हिंदकळविणे ही याच गटातील सोपी क्रिया. चौथा गट दाबाचा : अंगठ्याने दाबणे, कोपराने टेकणे, स्नायू बोटांच्या चिमटीत धरून उचलणे. शास्त्राच्या नावातील ‘ना’ ती हीच. पाचवा गट थोपटण्याचा. पोकळ तळव्याने, सैल मुठीने किंवा हाताच्या कडेने केलेले हे आघात बहुधा उपचाराच्या अखेरीस येतात.

सहावा गट सांध्यांच्या हालचालींचा. सांधा गोल फिरविणे, ताणणे आणि क्षणार्धात झटका देऊन वळविणे यांचा त्यात समावेश होतो. पाहणाऱ्याला सर्वांत प्रभावी वाटतो तो यातील झटका, कारण त्यात ‘कट्’ असा आवाज येतो. आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. चांगले शिक्षक आवाजाच्या मागे लागू नका असे बजावतात. नवशिक्याने पहिले पाच गट शिकावेत आणि सहाव्यातील झटक्यांना, विशेषत: मानेच्या, हात लावू नये.

एका उपचाराचा क्रम

या क्रिया एकत्र कशा येतात, हे एका साध्या उदाहरणावरून पाहू. रात्रभर वेडेवाकडे झोपल्याने सकाळी मान अवघडणे हा सर्वांचा अनुभव. चिनी भाषेत याला ‘लाओचेन’, म्हणजे उशीवरून घसरणे, असे नाव आहे.

उपचारक प्रथम विचारपूस करतो : पडणे, अपघात, ताप, हाताला मुंग्या, चक्कर यांपैकी काही आहे का? नसेल तर रुग्णाला खुर्चीवर बसवून मान कोणत्या बाजूला किती वळते हे रुग्णाला स्वत:लाच वळवून दाखवायला सांगतो. नंतर हाताच्या पाठीवर तर्जनी व मधले बोट यांच्या हाडांमधील बिंदू दाबून धरतो आणि त्याच वेळी रुग्णाला मान सावकाश हलवायला सांगतो. दुखऱ्या जागेपासून दूर सुरुवात करण्याची ही युक्ती विचारपूर्वक आहे; रुग्णाची भीती जाते आणि मान थोडी सैल होते.

त्यानंतर खांद्यावर आणि मानेच्या तळाशी पाच-सात मिनिटे लोळविण्याची व मळण्याची क्रिया चालते. मग फेंगछी आणि च्येनचिंग यांवर अंगठ्याने दाब. दाब हळूहळू वाढवायचा, क्षणभर धरायचा आणि हळूहळूच सोडायचा. योग्य दाबाची खूण रुग्णाकडूनच मिळते. ठणका, जडपणा, ताण अशी जी संमिश्र भावना होते तिला चिनी वैद्य शुभलक्षण मानतात. कळ किंवा विजेसारखी चमक आली तर मात्र हात तत्काळ काढावा. मानेचे स्नायू चिमटीत धरून उचलणे, खांदे हलके थोपटणे आणि शेवटी तळव्याने घासून ऊब आणणे, येथे उपचार संपतो. त्याला वीस मिनिटे पुरतात.

सैल करणे, नेमके काम करणे आणि शांत करून सोडणे हा त्रिविध क्रम बहुतेक सर्व उपचारांत राखला जातो. मधल्या टप्प्यावर थेट उडी घेणे हे घाईचे लक्षण होय.

लहान मुलांची तुइना

साधारण पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वेगळी पद्धत आहे. मिंग काळात ती बहरली. १६०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चेनचिऊ दाछंग’ या ग्रंथात तिच्यावरील एक स्वतंत्र भाग समाविष्ट आहे. मुलांचे बिंदू केवळ ठिपके नसतात, तर रेषा आणि पृष्ठभागही असतात व त्यांतील बरेचसे हातावर असतात. अंगठ्याच्या कडेने पचनासाठी, मनगटापासून कोपरापर्यंतच्या आतील रेषेवरून उष्णतेसाठी, अशी वाटणी आहे. स्पर्श अत्यंत हलका आणि गती जलद. बोटे घसरावीत म्हणून पाणी, आल्याचा रस किंवा भुकटी वापरतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंची त्वचा चिमटीत घेत खालून वर जाण्याची क्रिया त्याहूनही जुनी असून चौथ्या शतकातील को होंग यांच्या ग्रंथात तिचे वर्णन आहे.

आपल्याकडे बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्याची परंपरा असल्याने ही शाखा पालकांना जवळची वाटणे स्वाभाविक आहे. रडणाऱ्या बाळाच्या पोटावरून घड्याळाच्या दिशेने हलका हात फिरविण्यात काही वावगे नाही. मात्र ताप, जुलाब, धाप किंवा मलूलपणा असलेल्या बाळाला प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. तान्ह्या बाळाचा ताप हातावर रेषा ओढून उतरण्याची वाट पाहणे धोक्याचे आहे.

हात केव्हा लावू नये

हा भाग शिकणाऱ्याने सर्वांत आधी पाठ करावा. अस्थिभंग किंवा त्याचा संशय, हाडांचा ठिसूळपणा, हाडांचा क्षय, कर्करोग, रक्त न गोठण्याचा विकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे, त्वचेवरील जखम व संसर्ग, तीव्र ताप अशा स्थितीत तुइना करू नये अथवा डॉक्टरांच्या संमतीवाचून करू नये. गरोदर स्त्रीच्या पोट व कमरेवर दाब देऊ नये. हेगू, च्येनचिंग आणि घोट्याच्या वरचा सानयिनच्याओ हे बिंदू परंपरेनेच गरोदरपणात वर्ज्य मानले आहेत.

काही लक्षणे तर वरवर मालिशीलायक दिसतात आणि तीच घातक असतात. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणे असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळल्याने सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. कंबरदुखीबरोबर लघवीवरील ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासे झाले तर ती तातडीची शस्त्रक्रिया लागणारी अवस्था असू शकते. अचानक उद्भवलेली मानेची तीव्र कळ, तिच्या जोडीला चक्कर, बोबडे बोलणे किंवा दुहेरी दिसणे, ही मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याची खूण असू शकते. अशा मानेला झटका देणे जीवघेणे ठरते. या तिन्ही प्रसंगी रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात पाठविणे हेच उपचारकाचे काम होय.

दृष्टिहीन उपचारकांची परंपरा

चीनमध्ये तुइनाचा विचार दृष्टिहीन उपचारकांवाचून पूर्ण होत नाही. १९५८ साली स्थापन झालेल्या बीजिंगच्या आनमो रुग्णालयात दृष्टिहीन वैद्यांची मोठी परंपरा आहे. छांगछुन विद्यापीठाने १९८७ पासून विशेष शिक्षण महाविद्यालयात दृष्टिहीन विद्यार्थ्यांना सुया व तुइनाचे उच्चशिक्षण देण्यास सुरुवात केली. २००९ पासून दृष्टिहीनांच्या वैद्यकीय आनमोसाठी स्वतंत्र नियमावली लागू झाली. या उपचारकांच्या जगण्यावर बी फेइयू यांनी २००८ मध्ये ‘तुइना’ याच नावाची कादंबरी लिहिली. तिला २०११ मध्ये माओ दुन पुरस्कार मिळाला आणि २०१४ साली लोउ ये यांनी तिच्यावर चित्रपट काढला.

डोळसांना यातून घेण्यासारखा एक धडा आहे. पाठीवरील गाठ, उष्णता, ताठरपणा हे सारे हाताला कळते, डोळ्यांना नव्हे. म्हणूनच अनेक शिक्षक विद्यार्थ्याला डोळे मिटून सराव करायला लावतात.

पुरावा काय सांगतो?

कंबरदुखीवरील मालिशीच्या २५ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. अल्पकाळ आराम पडल्याचे त्यात आढळले. परंतु पुराव्याचा दर्जा कनिष्ठ असल्याने खात्रीने सांगता येत नाही, असाही निष्कर्ष निघाला. अमेरिकेतील चिकित्सकांच्या संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी शेक, मालिश यांसारखे औषधाविना उपाय आधी करून पाहावेत असे सुचविले आहे. तात्पर्य, स्नायूंच्या दुखण्यात तुइनाला वाव आहे. मधुमेह, रक्तदाब, वंध्यत्व अशा विकारांवर ती रामबाण असल्याचे दावे मात्र दूर ठेवावेत. चालू औषधे तिच्या भरवशावर बंद करणे तर सर्वथा अनुचित होय.

शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

वर्ग निवडताना काही साधे प्रश्न विचारावेत. शिक्षक स्वत: कोठे व किती वर्षे शिकले? शरीररचनेचे पाठ आहेत का? हात केव्हा लावू नये यासाठी स्वतंत्र तास आहे का? प्रत्यक्ष सरावाचे तास किती? शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत प्रमाणपत्र देणारे वर्ग बिंदूंचा तक्ता देऊ शकतात, हात तयार करू शकत नाहीत. अ‍ॅक्युपंक्चर येणाऱ्याला बिंदू ठाऊक असतात. तुइनाचा हात मात्र त्यालाही वेगळा कमवावा लागतो.

घरच्या घरी आरंभ करायचा असेल, तर जाड सुती कापडाची एक पिशवी शिवून तीत तांदूळ भरावेत आणि ती टेबलावर ठेवून रोज पंधरा-पंधरा मिनिटे मळण्याची व लोळविण्याची क्रिया दोन्ही हातांनी करावी. खांदा वर चढला, श्वास अडकला किंवा अंगठा दुखू लागला की थांबावे. लय न मोडता दहा मिनिटे हात चालू लागला आणि मनात इतर विचार आले तरी गती बदलेनाशी झाली, म्हणजे घरातील एखाद्याच्या दमलेल्या खांद्यावर हात ठेवण्यास हरकत नाही. तेही त्या व्यक्तीला दुखते का, पुरे झाले का, हे विचारत विचारत.